क्लास सापडत नाही

गेल्या उन्हाळ्यात लासूर स्टेशनच्या मोंढ्यातले एक आडतवाले शेठ आमच्या घरी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सीडी. म्हणाले, "भाई, तुम्ही पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करता ना? यात आमची २००३ ते २०११ ची सगळी वही आहे. दोन पोरांना दाखवली, कुणाला उघडेना." त्यांच्या घरात वाटण्या निघाल्या होत्या. जुन्या उचलीची येणी कुणाच्या वाट्याला किती, हा प्रश्न होता. एका शेतकऱ्याचा मुलगा तर रोज दुकानात येऊन बसायचा. त्याचं म्हणणं, वडिलांनी ८,००० रुपयांची उचल मरण्याआधी फेडली होती. शेठची लाल खतावणी म्हणत होती, बाकी आहे.

सीडीवर एकच मोठी फाइल निघाली. नोटपॅडमध्ये उघडली तर चौकोन आणि चिन्हांचा कचरा, मध्येमध्ये एखादा शब्द: गाव, पट्टी, हमाली, तोलाई. फाइलचे पहिले चार बाइट पाहिले आणि ओळख पटली. एसी, ईडी, ००, ०५. जावा भाषेतल्या प्रोग्रामने एखादी वस्तू जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवली की सुरुवातीला हीच खूण येते. एखाद्या दफ्तराचा शिक्का असावा तशी. म्हणजे शेठचा प्रोग्राम जावात लिहिलेला होता आणि त्याने कुठलाही डेटाबेस न वापरता सगळी खाती एका दमात 'सीरियलाइझ' करून ठेवली होती. फाइल सापडली होती, प्रोग्राम मात्र नव्हता. ज्या मशीनवर तो चालायचा त्याची हार्डडिस्क केव्हाच गेली होती. मी फाइल वाचायला घेतली आणि जावाने एका ओळीत उत्तर दिलं: क्लास सापडत नाही.

हे वाक्य मी याआधी ऐकलं होतं, फक्त वेगळ्या भाषेत. आमच्या घरात एका ट्रंकेत दादांचा बैनामा आहे. दादा म्हणजे आजोबा. बैनामा म्हणजे खरेदीखत, निजामाच्या काळातलं, उर्दूत, शिकस्ता वळणात. शिकस्ता म्हणजे मोडलेली लिपी. घाईने लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाताची. नुक्ते गळतात, सुटी अक्षरं एकमेकांना चिकटतात. अब्बा उर्दू चांगली वाचायचे, रोजचं उर्दू वर्तमानपत्र वाचायचे, पण तो कागद हातात घेतला की दोन ओळींनंतर थांबायचे. "भाषा माझीच आहे रे, पण हा माणूस माझा नाही," म्हणायचे.

जावा १९९६ साली सन मायक्रोसिस्टिम्सने बाजारात आणली. पुढच्याच वर्षी, १९९७ च्या १.१ आवृत्तीत, ही सीरियलायझेशनची सोय आली. हेतू चांगला होता. एका कॉम्प्युटरवरची वस्तू दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवायची आणि तिथे ती उठून कामाला लागली पाहिजे. प्रोग्रामरने फक्त एक शब्द लिहायचा, बाकी सगळं जावा पाहून घेणार. खातं, खात्यातल्या पट्ट्या, पट्टीवरचा शेतकरी, त्याचं गाव, हे सारं जाळं एका फटक्यात बाइटच्या रांगेत उतरायचं. अट एकच: वाचणाऱ्याकडेही तोच क्लास हवा, म्हणजे ती वस्तू कशी घडली आहे हे सांगणारा तोच साचा. लिहिणारा आणि वाचणारा एकाच घरचे असतील असं गृहीत धरलेलं होतं.

नंतर लोकांना याचे चटके बसले. २०१५ साली ख्रिस फ्रोहॉफ आणि गॅब्रिएल लॉरेन्स या दोघांनी दाखवून दिलं की अशी फाइल नुसती 'वाचताना' तिच्यातून वाचणाऱ्याच्याच मशीनवर हवा तो हुकूम चालवता येतो. म्हणजे पत्र उघडलं की पत्रच घरात शिरून मालकी सांगायला लागतं. २०१८ मध्ये जावाचे मुख्य रचनाकार मार्क राइनहोल्ड यांनी १९९७ ची ही सोय म्हणजे मोठी चूक होती असं उघड बोलून दाखवलं. मी शेठची सीडी नेटपासून तोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर उघडली ती यामुळेच. शेठला वाटलं मी उगाच भाव खातोय.

निजामाच्या राज्यात दफ्तराची भाषा आधी फारसी होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. महसूल, कोर्ट, पोलीस, सगळीकडे उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. मराठवाड्यातल्या बहुसंख्य माणसांच्या घरात ती भाषा नव्हती. आणि हे आपल्या लोकांनी नीट ध्यानात घ्यावं म्हणून मुद्दाम लिहितो: ती बहुसंख्य मुसलमानांच्याही घरात नव्हती. लासूरच्या आसपासच्या खेड्यातला मुसलमान शेतात मराठी बोलायचा, घरात दखनी बोलायचा, आणि कचेरीत गेला की शेजारच्या पाटलाइतकाच अडाणी ठरायचा. उलट शिकस्ता लिहिणाऱ्या कारकुनांत कायस्थ आणि देशस्थ ब्राह्मण कमी नव्हते. दादांच्या बैनाम्याच्या खालची लिहिणाराची सहीही एका कुलकर्ण्याची आहे. उर्दू ही तेव्हा धर्माची नव्हे, दफ्तराची भाषा होती. जावासारखीच. ज्याची नोकरी तिच्यात, त्याला ती येणार.

मग सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दफ्तर मराठीत गेलं. कागद राहिले, वाचणारे निवृत्त झाले. २०२३ साली सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदींत कुणबी शब्द शोधायचं काम सुरू झालं आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची अचानक शोधाशोध सुरू झाली. ज्या भाषेला पन्नास वर्षं कुणी विचारत नव्हतं तिच्या जाणकाराची वाट तहसीलदार पाहू लागले. आरक्षणाच्या प्रश्नाचं काय व्हायचं ते होवो. मला त्यात दिसलं ते हेच, की लाखो माणसांचं काहीतरी अशा रुमालांत बांधलेलं होतं ज्यांचा क्लास हरवला होता.

परत फाइलकडे येतो. जावाच्या फाइलीची एक भलाई आहे. ती बंद पेटी असली तरी पेटीवर आतल्या सामानाची यादी लिहिलेली असते. क्लासचं पूर्ण नाव, त्याचा आठ बाइटचा ओळख क्रमांक, आत कोणकोणती घरं आहेत आणि प्रत्येक घरात आकडा आहे की अक्षर. फक्त त्या वस्तूने करायचं काय, ही अक्कल पेटीत नसते, ती प्रोग्राममध्ये असते. मी यादी वाचून त्याच नावांचे रिकामे क्लास बनवले. पहिल्यांदा जावाने नाकारलं, तुमचा क्रमांक वेगळा आणि फाइलमधला वेगळा. तो क्रमांक मूळ प्रोग्रामरने दिला नसेल तर जावा क्लासच्या रचनेवरून स्वतः काढते, त्यामुळे माझा जुळणं शक्यच नव्हतं. फाइलमधला क्रमांक उचलून माझ्या क्लासवर लिहिला. बनावट शिक्काच म्हणा. दार उघडलं.

उघडलेल्या वस्तू आता जेसनमध्ये लिहायच्या होत्या. जेसन म्हणजे साधा मजकूर: नाव, पुढे विसर्गासारखे दोन टिंब, पुढे किंमत. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ मध्ये त्याला रूप दिलं. आपण तो निर्माण केला नाही, जावास्क्रिप्टमध्ये तो आधीच पडलेला होता, आपल्याला सापडला, असं ते सांगत आले आहेत. २००६ मध्ये त्याचा आरएफसी ४६२७ निघाला, २०१३ मध्ये प्रमाणक झालं. त्यात घरं मोजकीच: आकडा, अक्षरं, हो-नाही, रिकामं, यादी, आणि नावं-किमतींची जोडी. बस्स. कुठल्याही भाषेतला प्रोग्राम तो वाचू शकतो आणि गरज पडली तर माणूसही. पण घरं मोजकी म्हणजे सामान आखडणार.

पहिला धक्का लगेच बसला. जेसन लिहिणारा प्रोग्राम सुरू केला आणि तो थांबेचना, शेवटी मेमरी संपून कोसळला. कारण असं की खात्यात पट्ट्या होत्या, प्रत्येक पट्टीत शेतकरी होता, शेतकऱ्यात त्याचं खातं होतं, आणि खात्यात पुन्हा त्याच पट्ट्या. जावाच्या फाइलीत याला उपाय आहे. एकदा आलेली वस्तू दुसऱ्यांदा आली की ती पुन्हा लिहीत नाहीत, फक्त 'मागे अमुक क्रमांकावर आली तीच' अशी खूण करतात. बैनाम्यातही हेच आहे. विकणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, वस्ती एकदाच सविस्तर, नंतर प्रत्येक ठिकाणी 'मज़कूर'. आपल्या जुन्या मराठी कागदांत 'सदरहू' किंवा 'मजकूर' असतं ते हेच. जेसनला सदरहू माहीत नाही. ते आपणच बनवावं लागतं. मी प्रत्येक खात्याला नंबर दिला आणि पट्टीत शेतकऱ्याऐवजी तो नंबर लिहिला.

दादांच्या बैनाम्याची मराठी प्रत अब्बांनी वीस वर्षांपूर्वी एका जाणत्या माणसाकडून करून घेतली होती. त्याने टंकलिखित प्रतीत 'मज़कूर' सरळ गाळला होता. वाचताना वाक्यं सुटसुटीत वाटतात. पण कागदात एकाच नावाची दोन माणसं आहेत, एक विकणारा आणि एक साक्षीदार. मूळ उर्दूत कोणता कोण हे मज़कूरवरून कळत होतं, मराठीत कळत नाही. शिवाय विकणारा 'बाये' आणि घेणारा 'मुश्तरी' हे शब्द तसेच ठेवलेत. मुश्तरी हा गुरू ग्रहालाही म्हणतात. माझी धाकटी बहीण लहानपणी समजायची की दादांनी जमीन कुणा आकाशातल्या माणसाला साक्षी ठेवून घेतली. आणि एका ठिकाणी छापलं आहे: "जमीन तरी". पुढे काहीच नाही. मला वाटायचं वाक्य अर्धवट राहिलं. 'तरी' हा निजामी महसुलातला शब्द आहे, पाण्याखालची जमीन. कोरडवाहूला 'खुश्की'. अक्षरं बरोबर उतरली होती, अर्थ वाटेत सांडला होता.

शेठच्या फाइलीत असंच एक घर होतं, नाव 'प्रत', किंमत १ ते ४. जेसनमध्ये ते अगदी स्वच्छ दिसत होतं: प्रत, दोन टिंब, ४. चार म्हणजे काय? ते सांगणारी ओळ हरवलेल्या प्रोग्राममध्ये होती. शेठला आठवेना. त्यांचे जुने दिवाणजी आता वैजापूरला मुलाकडे असतात, त्यांना फोन केला. त्यांनी एका क्षणात सांगितलं: एक उन्हाळ, दोन गोल्टी, तीन चोपडा, चार खाद. "खादीचा भाव वेगळा धरायचो, म्हणून ठेवलं होतं ते." दिवाणजींचं वय ऐंशीच्या पुढे आहे. मी त्याच दुपारी त्यांना आणखी अकरा प्रश्न विचारून घेतले.

नावं बदलण्याचा उद्योग आपल्याकडे जुना आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. पण तहसीलदार, जमाबंदी, खरीप, रब्बी अजून आपल्या जिभेवर आहेतच. घराची पाटी बदलणं सोपं, आतल्या वापराची सवय बदलणं अवघड.

आता तारखांविषयी, कारण सगळा तंटा त्यांच्यातच होता.

जावातली तारीख म्हणजे एक मोठा आकडा असतो: १ जानेवारी १९७० पासून, ग्रिनिचच्या वेळेने, किती मिलिसेकंद झाले. जेसनला तारीख हा प्रकारच माहीत नाही, तिथे ती अक्षरांत लिहावी लागते. माझ्या प्रोग्रामने ती ग्रिनिचच्या वेळेनेच लिहिली. शेठचा प्रोग्राम दिवसाची नोंद भारतीय वेळेच्या मध्यरात्री करायचा, आणि तेव्हा ग्रिनिचला आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. परिणाम असा की सगळ्या नोंदी एक दिवस मागे गेल्या. माझ्या ध्यानात आलं नाही. मी फाइल शेठना दिली, त्यांनी त्या शेतकऱ्याचं खातं काढलं. ८,००० जमा, तारीख ३१ मार्च २००६. शेठ म्हणाले, "हे बघा. लाल खतावणीत ३१ मार्चअखेर बाकी ८,००० आहे. म्हणजे जमा धरून उरलेली बाकी. फेडले असतील आठ, पण आणखी आठ राहिले."

मुलगा काही बोलला नाही, उठून गेला. मी रात्री घरी जाऊन पुन्हा बसलो, तेव्हा साडेसहा हा आकडा डोळ्यांत खुपला. प्रत्येक नोंद संध्याकाळी साडेसहाचीच कशी? मोंढा काय तेव्हाच उघडतो? वेळ भारतीय केली आणि जमा १ एप्रिलवर आली. मार्चअखेरला बाजार बंद होता, आदल्या आठवड्यातल्या कांद्याचे पैसे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी उचलीत वळते केले होते. जुन्या वर्षाची बाकी ८,००० आणि नव्या वर्षात पहिलीच जमा ८,०००. खातं बेबाक. माझ्या एका चुकलेल्या ओळीने एका मेलेल्या माणसाला चोवीस तास कर्जदार ठेवलं होतं. शेठनी खतावणीत शेरा मारला आणि त्या मुलाला बोलावून चहा पाजला, हे मात्र सांगायला हवं.

आणि मग मला दादांच्या कागदाची तारीख आठवली.

बैनाम्यावर 'खुर्दाद १३५२ फसली' आहे. मराठी प्रतीत कंसात इ. स. १९४२ लिहिलं आहे, कारण फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो असं सगळे सांगतात. पण हैदराबादचं फसली वर्ष आज़ुर महिन्याने, म्हणजे ऑक्टोबरात, सुरू व्हायचं. आज़ुर, दै, बहमन हे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्यापुढच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. खुर्दाद आठव्या जागी नाही, सातव्या जागी आहे, म्हणजे एप्रिल. १९४३ चा एप्रिल. एका वर्षाचा फरक वाटतो किरकोळ. पण ज्याने दादांना जमीन विकली त्याला ती भावांच्या वाटणीत मिळाली होती, आणि त्या वाटणीपत्राची नक्कल १९४२ च्या डिसेंबरातली आहे. आमच्या वारस नोंदीवर हरकत घेणाऱ्यांचं म्हणणंच हे आहे की जमीन ज्याच्या नावावर झाली नव्हती त्याने ती विकली कशी. टंकलिखित प्रत पाहिली तर त्यांचं खरं दिसतं. मूळ पाहिलं तर वाटणी आधी आणि विक्री चार महिन्यांनी.

किमतीचंही तसंच. प्रतीत '७०० रु.' आहे. मुळात '७०० हाली'. हाली सिक्का हा निजामाचा रुपया, इंग्रजी रुपयाला कलदार म्हणायचे, आणि सरकारी भाव साधारण ६ कलदारला ७ हाली. म्हणजे ६०० कलदार. हाली १९५० च्या दशकात चलनातून गेला आणि शब्दही गेला. जेसनमध्ये आकडा लिहिताना त्याचं चलन वेगळ्या घरात लिहायचं असतं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. आमच्या बैनाम्यात तर आकडा तीनदा आहे: अक्षरांत, अंकांत, आणि वर सियाक़ रकमेत. सियाक़ म्हणजे अरबी संख्यांची नावं आखडून केलेली हिशेबी चिन्हं, पुसून फेरफार करता येऊ नये अशी. गंमत म्हणजे ही चिन्हं आता फोनमध्येही लिहिता येतात, २०१८ मध्ये युनिकोडने भारतीय सियाक़ला जागा दिली. मोडीला २०१४ मध्येच मिळाली होती. वाचणारा माणूस सोडून बाकी सगळी सोय झाली आहे.

दादा मनमाडला हमाल होते. हैदराबाद गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग मीटर गेज, मनमाडपुढचा मुंबईचा मार्ग ब्रॉड गेज. लासूर, परसोडा, रोटेगावचा माल मनमाडला उतरवायचा आणि शेजारच्या रुंद डब्यात भरायचा. दोन रुळांत हाताच्या अंतराचा फरक, १,००० आणि १,६७६ मिलिमीटर, पण त्यासाठी रात्रभर माणसं राबायची. दादा सांगायचे, कापसाची गाठ मोजून भरता येते, पण पोत्याचा माल बदलताना काही ना काही सांडतंच. चांगला मुकादम कोण? जो सांडलेलं झाडून पोत्यात परत भरतो आणि बिलटीवर लिहितो. त्या कमाईतूनच त्यांनी ती सहा-सातशेची जमीन घेतली. १९९० च्या दशकात मनमाडपासून औरंगाबादपर्यंत रूळ रुंद झाले आणि त्या बदलीची गरज संपली.

शेठना मी जेसनची फाइल दिली, सोबत अकरा प्रश्नांची दिवाणजींची उत्तरं एका कागदावर, आणि सीडी फेकू नका म्हणून बजावलं. ती आता लाल खतावणीच्या आत ठेवली आहे.

बैनाम्याची नवी प्रत करायला दिली आहे. मज़कूर गाळायचा नाही, हाली तसंच ठेवायचं, फसली तारीख मुळाप्रमाणे लिहून इसवी तारीख वेगळ्या ओळीत, असं सांगितलं. चतुःसीमेत मशरिक, मग़रिब, शुमाल, जुनूब चारही दिशा लागल्या. शुमालकडच्या शेजाऱ्याचं नाव अजून लागत नाही, नुक्तेच नाहीत. नारायण असेल किंवा आणखी कुणी. नव्या प्रतीत तिथे रेघ मारून 'अवाच्य' लिहिलं आहे.

कचेरीत पुढची तारीख मिळाली. कारकुनाने चिठ्ठीवर '१२/३' एवढंच लिहून दिलं. मी तिथंच उभं राहून त्याच्याकडून पुढे वर्ष लिहून घेतलं. तो हसला.